क्रमांक दोनचा निळा

रंग कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य त्यानं गेल्या सव्वीस वर्षांत छापखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं होतं, आणि प्रत्येकानं मान हलवून ऐकून घेतलं होतं. कारण वाक्य गंभीर होतं आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिथूनच पगार मिळत होता. छापखाना खोक्यांचा होता. साबणाची, टूथपेस्टची, गोळ्यांची, बल्बची खोकी. मशीनवरून उतरलेला पहिला बरा कागद त्याच्या टेबलावर यायचा, वरच्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात मंजूर नमुन्याशेजारी ठेवला जायचा, आणि तो डोळे बारीक करून, मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे कलती करून, सही करायचा किंवा करायचा नाही. सही झाली की मशीन सुटायचं. मालक पाहुण्यांना छापखाना दाखवायला आणत तेव्हा आधी चार रंगांचं मशीन, मग कटिंगचं मशीन, आणि मग तो, अशा क्रमानं दाखवत आणि ‘हा आमचा डोळा’ म्हणत. पाहुण्यांनी मशीनकडे जसं पाहिलेलं असे तसंच ते त्याच्याकडे पाहत. म्हणजे किती वर्षं जुनं असेल, आणि अजून किती चालेल, ह्या अंदाजानं.

गडबड सुरू झाली ती एका मंगळवारी, साडेतीनच्या चहाआधी, आणि विषय होता लहान बाळांच्या साबणाचं खोकं. फिकट निळं, वर एक पांढरा ढग. ढगाला रंग नसल्यामुळे त्याच्याबद्दल वाद नव्हता. मशीनमननं कागद आणून टेबलावर पसरला, तळहातानं कोपरा दाबून धरला, आणि ह्यानं नेहमीसारखं पाहून सांगितलं, ‘निळा हिरव्याकडे झुकतोय. पिवळा जरा कमी कर.’ हा मशीनमन एकोणीस वर्षं त्याच्याबरोबर होता आणि एकोणीस वर्षं हुज्जत घालत होता. शाईवरून, कागदाच्या ओलीवरून, पंख्याच्या वेगावरून, चहा किती उकळावा ह्यावरून. ‘साहेब, तुमच्या डोळ्यात हिरवं गेलंय, तोंड धुऊन या,’ असं तो भर पाहुण्यांत म्हणायचा. त्या मंगळवारी त्यानं कागदाकडे पाहिलं, ह्याच्याकडे पाहिलं, आणि ‘बरं, साहेब,’ म्हणाला. एवढंच. आवाज मऊ होता; आजारी माणसाच्या खोलीतून बाहेर पडताना दार लावतात तसा. मग टेबलासमोरच्या काचेपलीकडे ह्याला दिसलं की मशीनमन शाई कमी-जास्त करायच्या चाव्यांकडे न जाता आधी कोपऱ्यात गेला. तिथं मीटर होता. कागदावर टेकवला की रंगाचा आकडा सांगणारं मुठीएवढं यंत्र. दोन वर्षांपूर्वी मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनातून आणलं होतं, आणि तेव्हापासून ते डब्यात पडून आहे अशी ह्याची समजूत होती. मशीनमननं ते डब्यातून काढलं, कागदावर तीन ठिकाणी टेकवलं, पुन्हा डब्यात ठेवलं, आणि कोपरानंच डब्याचं झाकण लावलं. कोपरानं झाकण लावायला माणसाला बराच सराव लागतो.

त्या ‘बरं’चं वजन त्याला माहीत होतं, कारण तो शब्द त्यानं स्वतः वापरलेला होता. त्याचे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, आणि बऱ्याचशा ‘येथे गाडी लावू नये’, ‘फुले तोडू नयेत’, ‘विचारल्याशिवाय आत येऊ नये’ अशा. त्यामुळे लहानपणी त्याची समजूत होती की आपल्या वडिलांचं जगातल्या पुष्कळ गोष्टींशी पटत नाही. तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना त्याच्या लक्षात आलं की वडील प्रत्येक डबा उघडल्यावर खिडकीशी नेतात, आत बराच वेळ पाहतात, आणि मग आणखी एक डबा खिडकीशी नेतात. त्यानं एका दुपारी फळीवरचे डबे ओळीनं लावून ठेवले. डावीकडून पांढरा, पिवळा, तांबडा, हिरवा, निळा, काळा. दुसऱ्या दिवशी काम झाल्यावर डबे पुन्हा त्याच ओळीत लावले. वडीलही काही बोलले नाहीत. फक्त आठवड्याभरात त्यांनी डबे खिडकीशी नेणं सोडून दिलं. बाप-लेकांमधला तो सगळ्यात लांबलेला संवाद होता, आणि तो सात महिने चालला. मग एकदा आईनं फळी पुसायला काढली आणि डबे हाताला येतील तसे परत ठेवले. औषधांच्या दुकानाच्या पाटीची हिरवी किनार वडिलांनी अतिशय सफाईदार हातानं निळी रंगवली, दोन पावलं मागे सरून पाहिली, आणि म्हणाले, ‘हिरवा जरा गडद लागलाय. उन्हानं उतरेल.’ आणि तो म्हणाला, ‘बरं.’ दुकानदार पाटी न्यायला आला, त्यानं तोंड उघडलं, मुलाकडे पाहिलं, आणि तोंड मिटून पाटी उचलली. ती पुढे अकरा वर्षं त्या दुकानावर होती. ह्या अकरा वर्षांत घरात कुणालाही औषध लागलं की तो लांबच्या दुकानात जायचा आणि पाय मोकळे होतात म्हणून सांगायचा.

शुक्रवारी मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मालक पंचेचाळिशीचे होते, त्यांच्या वडिलांनी ह्याला नोकरीवर ठेवलेलं, त्यामुळे ते ह्याच्याशी बोलताना टेबलावरच्या वस्तू सारख्या करत राहायचे. ‘एक तारखेपासून काय करू या,’ ते स्टेपलर सरळ करत म्हणाले, ‘प्रत्येक कामाला मीटरची चिठ्ठी लावू या. हल्ली गिऱ्हाइकांना आकडा दिसला की बरं वाटतं. आणि चिठ्ठीखाली तुमची सही. ती हवीच.’ ‘म्हणजे मी मीटरचा साक्षीदार,’ तो म्हणाला. ‘छे छे, असं कुठं? तुम्हाला पाहिजे तर चिठ्ठीच्या वर करा सही.’ मालकांनी स्टेपलर आणखी थोडा सरळ केला. ‘मला पंधरा दिवस द्या,’ तो म्हणाला. ‘मग सांगतो.’ मालक म्हणाले, ‘महिना घ्या.’ घासाघीस करण्याइतकीही किंमत राहिलेली नसली की लोक महिना देतात.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण डॉक्टर अक्षरं वाचायला लावतो, आणि अक्षरं त्याला अजून मुंगीएवढी असली तरी दिसत होती. शिवाय डॉक्टर परका. ज्या माणसानं आयुष्यात एकाही खोक्याचा निळा जुळवलेला नाही त्यानं ह्याच्या डोळ्यात बॅटरी मारून काय ते ठरवायचं, हे त्याला पटेना. परीक्षा व्हायची तर त्याच्या विषयात व्हायला हवी होती, आणि परीक्षक जाणकार हवा होता. असा जाणकार त्याच्या माहितीत एकच होता. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्याचं ठरलं. निवृत्तीनंतर कधीतरी घ्यायचा म्हणून मनात घोळत असलेला फोटो छापायचा मोठा प्रिंटर आत्ताच घ्यायचा. तीस वर्षं काढलेले फोटो कपाटात पडले होते, ते निमित्त होतं. खरी गोष्ट ही की प्रिंटर निवडायचा म्हणजे नमुने पाहायचे, नमुन्यांतला बारीक फरक ओळखायचा, आणि त्यातला खरा कुठला ते छातीठोकपणे सांगायचं. सांगता आलं तर डोळा शाबूत. मग मालकांना तोंडावर सांगायचं की माझ्या सहीला चिठ्ठी लागत नाही. नाही सांगता आलं, तर मीटरखाली सही, आणि वर्षाभरात सहीशिवाय मीटर.

‘किती मोठा?’ बायकोनं विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिला मापाशिवाय कुठल्याही गोष्टीवर मत देता येत नसे. त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले. ‘अहो, हा तर दिवाण झाला.’ ‘दिवाणापेक्षा अरुंद.’ ‘ठेवणार कुठं?’ ‘तिच्या खोलीत.’ मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळी राहत होती, चार वर्षं झाली, पण खोलीला अजून ‘तिची खोली’च म्हणत. बायकोनं टेप आणली. त्यानं एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि दोघं मुलीच्या रिकाम्या पलंगावरून एकमेकांकडे पाहत उभे राहिले. ‘आणि ह्याला रोज वापरावं लागतं का?’ ‘रोज नाही. आठवड्यातून एकदा तरी काहीतरी छापायचं, नाहीतर शाईच्या बारीक तोंडांत शाई सुकते.’ ‘म्हणजे जनावर पाळल्यासारखंच की. बाहेरगावी गेलो तर शेजारणीला सांगायचं का, बाई गं, येऊन एक फोटो छापून जा?’ ‘तुला नको असेल तर राहू दे.’ ‘मी कुठं नको म्हणाले? एकशे बारा सेंटिमीटर. पलंग भिंतीला लावला तर बसेल.’ तिनं सोडलेली टेप सर्रकन डबीत गेली. ‘आणि डोळे एकदा दाखवून घ्या.’ ‘प्रिंटरचा आणि डोळ्यांचा काय संबंध?’ ‘काहीच नाही. मी आपलं वेगळं म्हणाले.’ ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याला त्याचे मोजे आठवले. गेल्या वर्षापासून त्याच्या काही मोज्यांच्या आत, वरच्या काठाला, पांढऱ्या दोऱ्याचा एकच टाका असायचा. त्याला ती धोब्याची खूण वाटली होती. आता तो तिथंच पलंगावर बसला, एका पायातला मोजा काढून त्यानं काठ उलटा केला, टाका पाहिला, आणि त्यांच्याकडे धोबी येत नाही ही गोष्ट बारा महिने आपल्या लक्षात कशी आली नाही ह्याचा विचार करत राहिला. टाका असलेले निळे, नसलेले काळे. किंवा उलट. बायकोला विचारलं असतं तर कळलं असतं.

पुढचे दहा दिवस त्यानं माहिती काढली. ह्या कामात तो रमला, कारण माहितीला रंग नसतो. सतरा इंची आणि चोवीस इंची. आठ शाया, दहा शाया, बारा शाया. पाण्यात विरघळणारी शाई भडक दिसते पण लवकर उडते; भुकटीची शाई जरा मंद, पण साठ-सत्तर वर्षं टिकते असं कंपन्या सांगत. साठ-सत्तर वर्षांनी तक्रार करायला कोण येणार आहे हे त्या सांगत नसत. चकचकीत कागदाला एक काळा, खरखरीत कागदाला दुसरा काळा. कागद बदलला की मशीन स्वतःच काळा बदलतं आणि त्यात थोडी शाई वाया घालवतं. वाया गेलेली शाई खाली एका डब्यात जमा होते आणि तो डबा भरला की बदलावा लागतो. हे वाचून त्याला बरं वाटलं. वाया गेलेल्या गोष्टींसाठी आतच एक डबा असणं, ही सोय माणसाच्या बाबतीत राहून गेलेली दिसत होती.

दुकान मुख्य रस्त्यापासून आत, एका वकिलाच्या ऑफिसखाली होतं. मागच्या भिंतीला तीन मशीनं ओळीनं मांडलेली: कडेला टेबलावर सतरा इंची, मधे पायांवर उभं चोवीस इंची दहा शायांचं, आणि पलीकडे तसंच पण बारा शायांचं. तिन्हींवर धुळीचा पातळ थर नव्हता एवढीच त्यानं नोंद घेतली. यंत्राकडे पाहून यंत्र कळत नाही, ते कागदावर कळतं, असं त्याचं मत होतं. काउंटरवरच्या बाई त्याच्याच वयाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांना त्यानं पेन ड्राइव्ह दिला आणि छापखान्यात नवीन माणसाला सांगतो तशा शिस्तीनं सांगितलं, ‘तीन काढा. माप एकच. कागद एकच, खरखरीत. मशीनचं नाव कुठंही नको. मागच्या बाजूला नुसता आकडा घाला, एक, दोन, तीन. पेन्सिलीनं. ह्याच ओळीनं.’ आणि हातानं मागच्या भिंतीकडे दाखवलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं. ‘नाव का नको?’ ‘नाव दिसलं की डोळा पक्षपात करतो.’ ‘हो, ते आहेच,’ बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे रोज असे पुरुष येत असावेत. ‘उद्या दुपारी न्या.’

फोटो त्यानं विचारपूर्वक निवडला होता. मुलगी सात वर्षांची, पोहण्याच्या तलावाच्या काठावर उकिडवी बसलेली, अंग आखडून, ओठ आवळून. डोक्याला रबरी टोपी. त्या फोटोत चार निळे होते: उथळ पाणी, खोल पाणी, काठावरच्या फरश्या आणि टोपी. असा फोटो जगातल्या कुठल्याही प्रिंटरला घाम फोडेल असं त्याला वाटायचं. आणि त्याला ते चारही निळे पाठ होते. टोपी त्यानंच आणली होती. दुकानात सतरा टोप्या काउंटरवर पसरून, एकेक दाराशी उजेडात नेऊन. त्या दुपारी मुलगी तासभर काठावर बसून राहिली आणि पाण्यात उतरली नाही. बाकीची मुलं उड्या मारत होती, शिट्टी वाजत होती, आणि तो समोरच्या काठावरून ‘उतर गं, काही होत नाही’ म्हणत होता आणि एकीकडे फोटो काढत होता, कारण उजेड फार चांगला होता. शेवटी ती कोरडीच घरी आली. हे सगळं त्याला त्या निळ्यांबरोबर आठवायचं, आणि निळे मात्र जसे होते तसेच होते, त्यांच्यावर काही परिणाम झालेला नव्हता. निदान इतके दिवस तसं वाटत होतं. हल्ली डोळे मिटून तो तलाव पाहायला गेला की पाण्यावर एक उजेड पडलेला असायचा, जुन्या वर्तमानपत्राच्या कागदासारखा, आणि तो उजेड त्या दुपारी तिथं नव्हता.

तीन नमुने त्यानं मुलीच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर, ओळीनं लावले. क्रमांक एक, क्रमांक दोन, क्रमांक तीन. तीन मुली ओठ आवळून पलंगाकडे पाहत बसल्या. पहिल्या संध्याकाळी त्याला काहीच दिसलं नाही. तिन्ही फोटो एकाच मळकट पाण्यात बुडालेले होते. तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. वडील दुसरा डबा खिडकीशी नेताना पाठमोरे कसे दिसायचे ते त्याला दिसलं, मानेवरची घामाची रेघ, डबा धरलेल्या हाताचं कोपर. म्हणजे त्यांना तेव्हा कळत होतं. दर वेळी कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, चांगल्या उजेडात, तो पुन्हा आत गेला, आणि फरक दिसला. आधी अगदी थोडा, क्रमांक एकच्या फरशीत हिरवट झाक. मग क्रमांक तीनच्या कपाळावर एक प्रकारची राखाडी. एकदा फट पडल्यावर मग सगळंच दिसू लागलं. त्यानं वही काढली. ‘क्र. १. पाणी उथळ. सावल्या आजारी. क्र. ३. शाया जास्त म्हणून शहाणपणा जास्त. टोपी चमकते, मूल मेलेलं. क्र. २. पाणी खोल. टोपी बरोबर. हीच ती टोपी.’ त्यानं हीच नोंद दुपारच्या उजेडात तपासली, ढगाळ सकाळी तपासली. दर वेळी तीच निघाली. नमुने काढून, पत्त्यांसारखे पिसून, पुन्हा लावून पाहावेत असं एकदा त्याच्या मनात आलं. छापखान्यात नव्या माणसाची परीक्षा तो तशीच घ्यायचा. पण त्यानं ते केलं नाही. क्रमांक दोन ओळखायला त्याला एवढा खटाटोप करायची गरज नव्हती. तो मधोमध लावलेला होता.

बायकोला त्यानं एकदा बोलावलं. तिनं चष्मा लावून तिन्हींसमोर सारखाच वेळ काढला, शाळेत वह्या तपासल्यासारखा, आणि म्हणाली, ‘तुम्हाला कुठला वाटतो?’ ‘मी तुला विचारतोय.’ ‘मला गणितातलं कळतं.’ ‘दोन,’ तो म्हणाला. ‘मग दोनच,’ ती म्हणाली, आणि जाताना क्रमांक एकचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवून गेली. रविवारी मुलगी आली. स्वतःचे तीन बालपणीचे चेहरे एका ओळीत पाहून ती दारातच थांबली. ‘बाप रे. पोलीस ठाण्यात लावतात तसे काय लावलेत, बाबा?’ ‘नीट बघ. सगळ्यात खरा कुठला?’ ‘खरा म्हणजे?’ ‘तो दिवस आठव. ते पाणी.’ मुलगी काही क्षण बघत राहिली आणि तिनं क्रमांक तीनवर बोट ठेवलं. त्याचा चेहरा पडला असावा, कारण ती लगेच म्हणाली, ‘अरे, मी आपलं कुठंतरी बोट ठेवलं. तू इतका टक लावून बघत होतास माझ्याकडे.’ ‘पाण्याचा रंग आठवत नाही तुला?’ ‘मला आठवतं की मला शू लागली होती आणि तू फोटो काढत होतास.’ मग तिनं पलंगावर बसून पाय हलवत विचारलं, ‘हे मशीन इथं आलं की मी आले तर झोपायचं कुठं?’ ‘चार वर्षांत तू इथं झोपलेली नाहीस.’ ‘ते वेगळं,’ ती म्हणाली. ह्या घरातल्या बायकांच्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या असायच्या. ती गेल्यावर त्यानं वहीत लिहिलं, ‘तिचा डोळा तयार नाही,’ आणि त्याला तिच्याबद्दल फार माया वाटली.

महिना संपायला दोन दिवस होते तेव्हा बाळांच्या साबणाचं काम पुन्हा मशीनवर चढलं. ह्या वेळी दोन लाख खोकी. मशीनमन कागद घेऊन आला. तो ढग, तो निळा. ह्यानं मान कलती केली, आणि त्याला जे दिसलं ते इतकं स्पष्ट होतं की त्याला जवळजवळ हसू आलं. मुलीच्या खोलीतल्या क्रमांक एकच्या फरशीची तीच हिरवट झाक. आता ती त्याला कुठंही ओळखता आली असती. ‘पिवळा कमी कर,’ तो म्हणाला. मशीनमन ‘बरं’ म्हणायला तोंड उघडणार, तोच ह्यानं त्याला थांबवलं. ‘आणि त्या डब्याकडे जायचं नाही. मला माहीत आहे तू जातोस.’ मशीनमन लाल झाला असावा. ‘साहेब, गेलोच होतो आधी. मीटर म्हणतो आहे तसा बरोबर आहे.’ ‘मीटर आंघोळ घालणार का बाळाला?’ ‘साहेब, आणखी पिवळा काढला तर जांभळा होईल.’ ‘जांभळा नाही, निळा होईल. तुम्ही सगळे हिरव्याला निळा म्हणायला शिकलात.’ ‘अहो, दोन लाख आहेत! गाडी परत आली म्हणजे?’ ‘माझी सही आहे.’ ‘तुमची सही खोक्यावर दिसते का, साहेब? रंग दिसतो!’ मशीनमन ओरडला, खरोखर ओरडला, आणि हातातला कागद टेबलावर आपटला. कटिंगवाले मान वर करून पाहू लागले. गेल्या महिनाभरात त्याला कुणी इतकं मनापासून विरोध केला नव्हता. त्याला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. आवाज ऐकून मालक खाली आले, त्यांनी एकदा कागदाकडे, एकदा मशीनमनकडे पाहिलं. ‘मीटरची चिठ्ठी माझ्या सहीला लागणार नाही,’ तो म्हणाला. ‘आजपासून. तुम्ही महिना दिला होतात, पुरा होत आला.’ मालकांच्या जवळ सारखं करायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. ‘ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘हे काम तुमच्या शब्दावर. करा हो, साहेब म्हणतात तसं.’ मशीनमननं पिवळ्याच्या चाव्या फिरवल्या. नवा कागद आला. त्यावरचा निळा खोल होता, शांत होता, बरोबर होता. त्यानं सही केली. नेहमीपेक्षा जरा मोठी झाली. मशीन सुटलं, फरशी हलायला लागली, आणि ते हलणं तळपायातून गुडघ्यापर्यंत चढत असताना तो पाच-सात मिनिटं उगाच तिथं उभा राहिला. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुकानात गेला.

दुपार होती आणि रस्त्यावर ऊन होतं, तरी त्या उन्हातही तो जुन्या कागदाचा रंग होताच. पण त्याला आता त्याचं काही वाटलं नाही. हवेत धूळ असते. त्यानं दोन्ही खिशांत हात घातले आणि मुलीच्या पलंगाचं काय करायचं ह्याचा विचार करत चालू लागला. शेजारच्या भिंतीला लावून भागणार होतं. काउंटरवरच्या बाईंनी त्याला ओळखलं. ‘काय ठरलं?’ ‘दोन,’ तो म्हणाला, आणि वही उघडून त्यांच्यासमोर धरली. बाईंनी चष्मा नाकावर घेतला, सगळी नोंद शांतपणे वाचली, मूल मेलेलं इथपर्यंत आल्यावर जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, ‘दोन म्हणजे?’ ‘दोन म्हणजे मधलं. चोवीस इंची, दहा शायांचं.’ बाईंनी वळून मागच्या भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा वहीकडे. ‘अहो, पण चालू मशीन आमच्याकडे ते एकच आहे,’ त्या कडेच्या, टेबलावरच्या सतरा इंचीकडे बोट करत म्हणाल्या. ‘तिन्ही त्याच्यावरच काढले. ही मोठी दोन नुसती दाखवायला आहेत. तुम्ही म्हणालात तीन काढा, एकाच मापाचे, आकडे घालून. मला वाटलं घरात तीन ठिकाणी लावून बघायचे असतील. उजेड वेगवेगळा असतो ना.’ त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. त्या काउंटरमागून बाहेर आल्या आणि त्याला खात्री पटावी म्हणून त्यांनी मधल्या मशीनचं पुढचं झाकण वर उचलून धरलं. आत शाईचे दहा खण होते, दहाही रिकामे, आणि त्यांच्यावरून कारखान्यात लावलेली रुंद चिकटपट्टी गेली होती. ती काढल्याशिवाय ते मशीन सुरू होत नाही.